ओहोटी निरंक

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वरून चव्वेचाळीस नियम आले. जलाशयाच्या काठावर ज्यांची मालमत्ता आहे त्यांना खाजगी जेटी, म्हणजे पाण्यात शिरलेला होडीचा धक्का, अशी बांधायची असेल तर ती किती लांब असावी, किती रुंद, कठडा किती उंच, टोकाचा दिवा कोणत्या रंगाचा, होडी कोणत्या बाजूला बांधायची, असं सगळं त्यात होतं. मी पिंपळडोह प्रकल्पाच्या शाखा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. या धरणात गेल्या एकोणीस वर्षांत लोकांनी म्हशी धुतल्या, गोधड्या धुतल्या, गणपती बुडवले, एकदा चांगला चालता ट्रॅक्टर बुडवला. जेटी मात्र कोणी मागितली नव्हती. नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात उभं राहून कोणालाही जेटी म्हणजे काय विचारा, तो म्हणेल, बोअरच्या मोटारीचा एखादा भाग असेल.

सातव्या पानापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे नियम आमच्यासाठी लिहिलेलेच नव्हते. कोणीतरी समुद्रकाठचे नियम उचलले होते, ‘समुद्र’ काढून तिथे ‘जलाशय’ घातला होता आणि चहा प्यायला निघून गेला होता. बाकीचं काढायचं राहून गेलं. त्यामुळे नियम चौदा खेकड्यांच्या बिळांबद्दल होता. नियम बावीसप्रमाणे नारळी पौर्णिमेला जेटी कोळी बांधवांना खुली ठेवायची होती. आणि अर्जाच्या नमुन्यात रकाना सतरा होता ‘भरतीची वेळ’, रकाना अठरा ‘ओहोटीची वेळ’. शेवटच्या पानावर सही होती. सही चांगली ऐसपैस होती.

नियम एकतीस असा होता: ओहोटीच्या वेळीही जेटीचं टोक तीन फूट पाण्यात असलं पाहिजे, आणि काठ व ओहोटीचं पाणी यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाची वहिवाट असेल तर त्याची लेखी संमती घेतली पाहिजे. चव्वेचाळीसांत हा एक नियम लिहिणाऱ्याने माणसासारखा लिहिला होता. पुढचा सगळा घोळ त्या एकामुळेच झाला.

आमचे शाखा अभियंता अमोलसाहेब पुण्याकडचे. वय तिशीच्या आसपास, डोकं तल्लख, आणि ते वापरायला इथे काही मिळत नाही म्हणून कायम वैतागलेले. मी नियम त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, “साहेब, आपलं पाणी दिवाळीनंतर काठ सोडून जातं ते पोळ्याच्या आसपास परत येतं. भरतीची वेळ काय लिहायची?”

“अर्ज आला की बघू,” साहेब म्हणाले.

अर्ज आठ दिवसांत आला.

भगवंतरावांची अमरावतीत दोन मंगल कार्यालयं आहेत. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि दुसऱ्याच्या लग्नात रोज जेवून जेवून पोट त्याहून मोठं. कोविड संपल्यावर ते सहकुटुंब केरळला गेले, तिथे चार दिवस होडीत राहिले आणि परत आले ते डोक्यात समुद्र घेऊन. पिंपळडोहच्या काठावर त्यांनी चार एकर घेतलं, त्यात फार्महाऊस बांधलं आणि नाव दिलं ‘सागर किनारा’. अमरावतीहून समुद्र किती लांब आहे हे त्यांना सांगायची हिंमत घरात कोणाची नव्हती.

जेटी त्यांनी सप्टेंबरातच बांधून टाकली होती. आमच्याकडे आधी बांधतात आणि मग परवानगी मागतात. आधी परवानगी मागणाऱ्याचं बांधकाम अजून कोणी पाहिलेलं नाही. तीस फूट लांब, लोखंडी अँगलवर प्लाय ठोकलेलं, आणि कठड्याला कार्यालयातल्या जुन्या स्टेजची सोनेरी जाळी. तोंडाशी नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागची कमानही होती, तिच्यावरचं ‘शुभ विवाह’ तेवढं खरवडून काढलं होतं. टोकाला पायडलची एक पांढऱ्या हंसाची होडी बांधली. धरण भरलेलं होतं तोवर ते खरोखर बरं दिसायचं. मग दिवाळी झाली, कालवा सुटला, पाणी आपल्या नेमाने निघालं आणि जानेवारीत ते जेटीपासून दोन फर्लांगावर जाऊन बसलं. जेटी काळ्या मातीवर उभी राहिली. हंस एका कुशीवर कलंडला आणि त्याच्या पोटात सुंदराबाईची कोंबडी अंडी घालायला लागली.

सुंदराबाई कोण ते आता सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे.

धरणाचं पाणी मागे सरकलं की खालून जी जमीन उघडी पडते तिला आम्ही गाळपेर म्हणतो. गाळ बसलेला असतो, ओल असते, खत लागत नाही. ज्यांची वावरं धरणात गेली त्यांना ही जमीन एका हंगामाच्या पट्ट्याने पेरायला मिळते. सुंदराबाईच्या सासऱ्याचं चार एकर वावर पाण्यात गेलं. पुनर्वसनात घर मिळालं, वावर मिळालं नाही. नवरा धर्मपाल खाणीवर दगड फोडून फोडून गेला. तेव्हापासून ती दरवर्षी एक एकराचा पट्टा मागते, आणि बरोबर तोच तुकडा मागते जो सासऱ्याच्या वावराचा आहे. विहिरीचं कडं अजून वर येतं तिथे, त्यावरून तिला हद्द कळते. वर्षातून सहा महिने, ओल टिकते तोवर, तिला तिचं वावर परत मिळतं. त्यावर ती वर्ष काढते. दुसरं काही नाही तिच्याकडे.

पट्ट्याची आमची एक रीत आहे. अर्ज दिवाळीत घ्यायचे, पट्टा होळीपर्यंत हातात द्यायचा, आणि मधल्या काळात पाण्याच्या मागोमाग पेरत जायचं. कागदाची वाट पाहिली तर ओल निघून जाते. हे त्यांना माहीत, आम्हाला माहीत, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. त्या काठावर सात जणांचे पट्टे असायचे. यंदा सहा जण नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांत लागले होते. सुंदराबाई एकटीनेच टरबूज लावलं होतं, आणि ते भगवंतरावांच्या जेटीच्या टोकापासून थेट पाण्यापर्यंत पसरलं होतं.

संमतीच्या वेळी कार्यालयाचा माणूस हजर पाहिजे असंही नियमात होतं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी गेलो. भगवंतराव पांढरे बूट घालून आले होते. वावरात पाच पावलं टाकली तेवढ्यात बुटांचा रंग बदलला.

“जय भीम, मावशी,” मी म्हटलं.

“जय भीम, बाबू.” तिने भगवंतरावांकडे पाहिलं. “अन् हे कोन? हंसवाले का?”

“मावशी, आमी शेजारी तुमचे,” भगवंतराव म्हणाले. “नियमात असं हाये का जेटी पान्यालोक न्या लागते. तं म्या म्हनलं, तुमच्या वावरावरून नेतो. वरून जेटी, खाली तुमचं टरबूज. तुमाले काई तकलीफ नाई.”

“सावलीत टरबूज धरते का?”

भगवंतराव माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याकडे बघायला लागलो.

“मंग असं करू,” ते म्हणाले. “तुमाले फार्महाऊसवर चौकीदारी देतो. बसून पगार. वावरात कंबर मोडाची गरजच नाई.”

“म्हंजे माह्य वावर तुमच्या जेटीखाली दाबून मी तुमच्या हंसाची राखन करू?” तिने विळा उचलला आणि वेलाखालचं तण कापायला परत खाली बसली. “नाई जमत, भाऊ. माह्य वावर सहा महिन्यानं वर येते. तेवढं तं मले उन्हात पाहू द्या.”

परत येताना भगवंतराव गाडीत बुटांची माती खरवडत होते. मग म्हणाले, “बाई बेकार जिद्दी हाये यार, सुगतबाबू.” मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर बसले. पाडव्याला उद्घाटन ठरलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या, पाहुणे मुंबईहून येणार होते. अमोलसाहेबांनी अर्ज उलटसुलट वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा नोकरीचा आनंद दिसला.

“सुगत, ओहोटी म्हणजे काय?”

“समुद्राचं पाणी मागे जातं ते, साहेब.”

“कशामुळे?”

“चंद्रामुळे म्हणतात.”

“आपलं पाणी चंद्रामुळे जातं का?”

“नाही साहेब. कालव्यामुळे जातं.”

“मग आपल्याकडे ओहोटी आहे का?”

 त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “रकाना अठरा. निरंक लिहा. ओहोटीच नाही तर ओहोटीच्या पाण्यापर्यंत जेटी नेण्याचा प्रश्न नाही, आणि मध्ये कोणाची वहिवाट असण्याचाही प्रश्न नाही. तीस फूट पुरे.”

“वा, साहेब,” भगवंतराव म्हणाले. “इंजिनिअर शिकेल असला का असा फरक पडते.”

अर्ज लिपिकाच्या हाताने भरायची आमच्याकडे पद्धत आहे, कारण अर्जदार चुका करतात. मी ‘निरंक’ लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. माझी बायको आणि मुलगी अमरावतीत खोली करून राहतात, मुलगी बारावीला आहे, मी त्यांच्या घरी शनिवार-रविवारचा पाहुणा. मे महिन्यात माझी अमरावतीला बदली व्हायची होती आणि शिफारस अमोलसाहेबांची होती. हे मी कारण म्हणून सांगतो आहे. लिहिताना मला लाज वाटली हेही सांगतो, पण लाजेने हात थांबला नाही.

निरंकला पाय फुटतात हे मला कळायला हवं होतं. आठ दिवसांनी पट्ट्यांची फाईल साहेबांकडे गेली आणि तशीच परत आली. ओहोटी निरंक, म्हणजे पाणी बाराही महिने पूर्ण संचय पातळीवर. पाणी पूर्ण पातळीवर, म्हणजे जमीन उघडी पडत नाही. उघडी पडत नाही, म्हणजे त्या काठाला गाळपेर क्षेत्रच नाही. तर्कात एक खोट काढता आली नसती. पत्र मीच टाईप केलं आणि मीच द्यायला गेलो.

सुंदराबाई टरबुजांखाली वाळलेलं गवत सारत होती, बुड सडू नये म्हणून. फळं डोक्याएवढी झाली होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, “वाचा.”

“सदर क्षेत्र पाण्याखाली असल्यामुळे आपल्या नावे पट्टा देता येत नाही.”

तिने पायाखालच्या मातीकडे पाहिलं. मग विचारलं, “किती पानी हाये माह्या वावरात?”

“पातळीच्या हिशेबाने अठरा फूट.”

“तुमाले पोहता येते का, बाबू?”

“नाही.”

“मंग उभे कसे राह्यले?”

मला हसू आलं. तिला आलं नाही. “पट्टा नसला तं हे तोडाचं का नाई?” तिने विचारलं.

“तोडता येणार नाही, मावशी. विनापट्टा पीक सरकारजमा होतं.”

तिने एका टरबुजावर हात ठेवला, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. “पंधरा दिवस राह्यले पिकाले,” ती म्हणाली. मग एकदम, “बसा. अर्ज लिहा. माह्य पीक अठरा फूट पान्यात बुडालं, नुकसान भरपाई भेटली पाहिजे.”

“मावशी, असं कसं...”

“काहून? तुमीच तं म्हनून राहिले पानी हाये. पानी असन तं भरपाई द्या. पानी नसन तं पट्टा द्या. दोनातलं एक तं दिसन ना सरकार.”

त्या वावरात, टरबुजांच्या मधोमध बसून, मी तिचा अर्ज लिहिला. तिने खाली सही केली. सुंदराबाईला सही येते, अंगठा ती कुठेच देत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात तोच अर्ज मीच आवक केला आणि पोच दिली. अर्ज बघून साहेबांनी कपाळाला हात लावला, पण पीक बुडाल्याचा अर्ज आला की पंचनामा करावा लागतो. न करण्याबद्दल कुठेही नियम नाही.

पंचनाम्याला मी, तलाठी आणि कृषी सहायक वर्षाली असे तिघे गेलो. वर्षाली नोकरीत नवी. अजून तिला जे दिसतं तेच लिहायची सवय होती. तलाठी मात्र मुरलेले. ते वावराच्या बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “मी आत येत नाई. माझ्याकडं हा भाग पान्यात दाखवला तं मी पान्यात कसा येईन?” त्यांनी बांधावरूनच सही केली. वर्षालीने चप्पल काढून हातात घेतली, आत गेली, फळं मोजली, एक वाजवून पाहिलं, आणि नमुन्यात लिहिलं: ‘पीक टरबूज. स्थिती उत्तम. क्षेत्रावरील पाणी निरंक.’

आता आमच्या एका फाईलमध्ये ओहोटी निरंक होती आणि दुसरीत पाणी निरंक होतं. दोन्हींवर शिक्के होते. मला वाटलं, आता साहेब अडकले. साहेब अडकले नाहीत. त्यांनी दोन्ही फाईली शेजारी ठेवल्या, पाच मिनिटं छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “क्षेत्र जलाशयाचं आहे हे सिद्ध. त्यात पीक आहे हेही सिद्ध. म्हणजे जलाशयात अनधिकृत पीक. काढून टाका.”

त्यांचा सुंदराबाईवर राग नव्हता. तसा राग असता तर मला समजलं असतं. त्यांना फक्त दोन फाईली जुळवायच्या होत्या. आणि भगवंतरावांना त्या जागेची घाई होती. हंस जमिनीवर बसलेला मुंबईच्या पाहुण्यांना कसा दाखवायचा, म्हणून त्यांनी तोड काढली होती: जेटीच्या टोकाशी खड्डा खणायचा, शेततळ्याला घालतात तसलं प्लास्टिक अंथरायचं, टँकरने पाणी सोडायचं आणि त्यात हंस तरंगवायचा. धरणाच्या पोटात शेततळं. त्यासाठी टरबूज जायला पाहिजे होतं. जेसीबीवाला मनोज सोमवारी येणार होता. तो गुरुवार होता.

मी त्या रात्री काही महान विचार केला असं नाही. लिपिक नाही म्हणू शकत नाही. ते त्याच्या कामात बसत नाही. पण लिपिक विचारू शकतो. शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या आदेशाखाली टिपणी लिहिली. ‘सादर. पीक काढण्याचं काम अठरा फूट पाण्याखाली करावयाचं आहे. यंत्र पाण्यात उतरवण्यापूर्वी प्रशिक्षित पाणबुडे, सुरक्षा होडी व प्राणवायूची व्यवस्था आवश्यक. पाणबुडे जिल्ह्यात उपलब्ध नाहीत. निविदा मागवावी लागेल. मंजुरीसाठी मंडळ कार्यालयाकडे सादर करावे किंवा कसे?’

साहेबांनी टिपणी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची धूळ बघत होतो. ‘पाणी नाही, पाणबुडे कशाला’ असं त्यांना लिहिता येत नव्हतं, कारण मग ओहोटी आली असती. शेवटी त्यांनी ‘सादर करावे’ लिहिलं आणि फाईल वर गेली. वर गेलेली फाईल आमच्याकडे पावसाआधी परत आल्याचं कोणाला आठवत नाही. सरकारजमा करायचं पीकही मग तसंच राहिलं, कारण पाण्यातलं पीक जप्त करायला कोणी उतरेना. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, अगदी दणक्यात.

टरबूज पाडव्याच्या चार दिवस आधी तयार झालं. अकोल्याच्या व्यापाऱ्याची गाडी वावरात येऊन उभी राहिली. मी मुद्दाम गेलो. वर्षाली आली होती, आणि मनोजही आला होता. आपलं मशीन ज्या कामासाठी पाणबुड्यांची वाट पाहत उभं आहे ते काम तरी कसं दिसतं, हे त्याला बघायचं होतं. सगळे टरबूज गाडीत भरत होते. मी बांधावर बसलो आणि सुंदराबाईला पाणबुड्यांची गोष्ट सांगितली, हावभावासकट. मनोज पोट धरून हसला. वर्षाली हसली. गाडीवाल्याला नीटसं कळलं नाही, तरी तोही हसला.

सुंदराबाईने विचारलं, “म्हंजे कागदावर पानी अजून हायेच?”

“आहे ना, मावशी. म्हणून तर मशीन आलं नाही.”

“अन् पुढल्या साली पट्टा मांगाले आली तं?”

“तेव्हा पाहू काहीतरी,” मी म्हटलं.

तिने एक टरबूज बाजूला काढलं, विळ्याने मधोमध चिरलं. लालभडक निघालं. एक फोड वर्षालीला दिली, एक मनोजला, एक गाडीवाल्याला, एक गाडीवाल्याच्या क्लीनरला. ऊन चढलं होतं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी हात पुढे केला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे, घरच्या माणसाला समजवावं तसं म्हणाली, “तुमाले कसं देऊ, बाबू? तुमच्या कागदात तं इथं टरबूज लागतच नाई.”

सगळे परत हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. हात खिशात घालून मी तसाच बांधाबांधाने परत निघालो. मला तिचा फार राग आला होता. एवढी युक्ती केली, एवढं पीक वाचवलं, आणि एक फोड नाही. फाट्यावर येईपर्यंत राग टिकला. फाट्यावर बसची वाट बघताना तो ओसरला, आणि त्याच्याखालून जे उघडं पडलं ते मला बघवेना. मी तिला पाण्यातून काढलं नव्हतं. मी तिला पाण्यातच ठेवून तिच्याकडून शाबासकी मागायला गेलो होतो.

पाडव्याला उद्घाटन झालं. मंजुरी वरून न आल्याने मशीन उतरलं नाही, प्लास्टिकचं तळं झालं नाही, म्हणून हंस जमिनीवरच राहिला. मुंबईच्या पाहुण्यांनी त्यात बसून पायडल मारत फोटो काढले, खालची माती दिसू नये म्हणून फोटोवाला पालथा झोपून कॅमेरा वर रोखून काढत होता. जेवणात शेवटी टरबूज होतं, अकोल्याच्या बाजारातून आणलेलं. भगवंतरावांनी माईकवरून सांगितलं की वऱ्हाडाला आता स्वतःचा समुद्र मिळाला आहे. टाळ्या झाल्या. सोनेरी जाळीवर एक कावळा बसला होता, तो उडून गेला.

दुसऱ्या दिवशी मी अकरा वाजता कपाटातून जेटीची मूळ फाईल काढली. रकाना अठरा उघडला. ‘निरंक’वर पट्टी धरून आडवी रेघ मारली, आणि वर लिहिलं: ‘ओहोटी आहे. कार्तिक ते आषाढ. काठ व पाणी यांच्यामध्ये सुंदराबाई धर्मपाल यांची वहिवाट. संमती नाही.’ खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली. मग पट्ट्यांची फाईल काढून तिच्यावर ठेवली आणि दोन्ही साहेबांच्या टेबलावर नेल्या.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. “हे कोणी केलं?”

“अक्षर माझं आहे, साहेब,” मी म्हणालो. “खोडलेलंही माझंच आहे.”

“मे महिन्याचं लक्षात आहे ना तुमच्या?”

“आहे.”

त्यांनी दोन्ही फाईली माझ्याकडे सरकवल्या. मी त्या परत त्यांच्याकडे सरकवल्या आणि म्हटलं, “पट्ट्यावर सही तुमची लागते.” बाहेर बाकावर सुंदराबाई दिवाळीची वाट न बघता पुढच्या हंगामाचा अर्ज घेऊन बसली होती, आणि तिला आत बोलवायला मी दार उघडलं.